पुढची तारीख

काही शब्द घरोघरी निराळा अर्थ घेऊन नांदत असतात. ‘तारीख’ हा त्यांपैकीच एक. कुणाच्या घरी तारीख म्हटली म्हणजे लग्नाची, कुणाच्या घरी परीक्षेची. आमच्यासारख्यांच्या घरी मात्र तारीख म्हणजे एक तर कोर्टाची, नाही तर दवाखान्याची. दोहोंचा स्वभाव सारखाच. ती आपण ठरवीत नाही, दुसरा कोणी तरी देतो. देणाऱ्याला ती पुढे ढकलायला रजिस्टरातली एक ओळ खोडावी लागते. घेणाऱ्याला मात्र ती पाळण्यासाठी आठ दिवस आधीपासून घराची सारी घडी बदलावी लागते. या दोन गोष्टींतले अंतर मला गेल्या नोव्हेंबरात, म्हणजे २०२५ सालच्या नोव्हेंबरात, प्रथमच नीट उमगले.

माझी आजी शहात्तर वर्षांची आहे. तिचा उजवा डोळा काचबिंदूने गेला, त्याला बरीच वर्षे झाली. उरलेल्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला. दिवाळीपूर्वी आमच्या गावात नेत्रतपासणीचे शिबिर झाले, तेव्हा तेथल्या नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांनी बॅटरी मारून पाहिले आणि म्हणाले, “आजी, मोतीबिंदू पिकलाय. आता लांबवू नका.” मोतीबिंदू फार पिकला, तर डोळ्यातला दाब वाढून कायमचे नुकसान होण्याची भीती असते, असेही त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले. दोन डोळे असणाऱ्याला हा सल्ला असतो. एकच डोळा उरलेल्याला तो इशारा असतो.

पुढे जिल्ह्याच्या गावी मोठ्या रुग्णालयात साऱ्या तपासण्या झाल्या. रक्तातली साखर, रक्तदाब, डोळ्यात कोणत्या नंबरचे भिंग बसवायचे त्याचे मोजमाप. हे सारे विनामूल्य झाले, हे आवर्जून सांगितले पाहिजे. देशात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. आजीसारख्या लक्षावधी माणसांना त्यामुळेच पुन्हा दिसू लागले आहे. त्या रुग्णालयाविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे, आणि पुढे जे लिहिले आहे ते त्या कृतज्ञतेसकट वाचावे.

तारीख मिळाली मंगळवार, ११ नोव्हेंबर. तीन दिवस आधीपासून डोळ्यात थेंब घालायला दिले होते. मी ते घड्याळ लावून घातले. आईने दोन दिवसांचा रोज बुडवून घरचे आवरले, कारण माझ्यामागे धाकट्या भावाकडे पाहायला कोणी नव्हते. आजीची शेळी शेजारच्या काकूंच्या दावणीला बांधली. आजीने न्हाऊन घेतले, नखे काढली, आणि मोजून दोनच बांगड्या ठेवून बाकीच्या उतरवल्या. पहाटे सहाच्या एस.टी.ने आम्ही निघालो. पंच्याहत्तरी उलटलेल्यांना एस.टी.चा प्रवास २०२२ सालापासून मोफत आहे आणि बायकांना २०२३ सालापासून अर्धे तिकीट आहे, म्हणून प्रवास स्वस्तात झाला. आजी खिडकीशी बसून कंडक्टरला म्हणाली, “माझं फुकाट हाय बाबा, ह्या पोरीचं अर्धं फाड.” तिला त्या दिवशी उगाचच हसू येत होते. भीती वाटली की ती अशीच हसते.

नेत्रविभागाच्या दारावर त्या दिवशीची यादीच नव्हती. थिएटरच्या दाराला कुलूप होते. आमच्यासारखी दुसरी कोणी मंडळीही दिसेनात. सिस्टरना विचारले, तर त्या म्हणाल्या, “आजची ऑपरेशनं रद्द झाली. सगळ्यांना शनिवारीच मेसेज गेलेत. तुम्हांला नाही आला?” खिडकीवरच्या तरुण कारकुनाने संगणकावर पाहून सांगितले, की मेसेज गेलेला आहे, दोन दिवसांत संपर्क साधून नवी तारीख घ्यावी, असे त्यात होते, ज्यांनी साधला त्यांना १८ आणि २५ नोव्हेंबर मिळाली, ज्यांनी साधला नाही ते यादीच्या शेवटी गेले. आजीची नवी तारीख होती २७ जानेवारी. म्हणजे बरोबर अकरा आठवडे.

“का रद्द झाली?” मी विचारले.

“थिएटर बंद आहे.”

“कशामुळे?”

“ते वरचं काम आहे, ताई. आम्हांला काय सांगतात?”

तो उद्धट नव्हता. त्याच्यामागे रांग होती आणि त्याच्या हाती उत्तर नव्हते, एवढेच. मी म्हटले, मेसेज कोणत्या नंबरवर गेला तेवढे दाखवा. त्याने पडदा माझ्याकडे वळविला. नंबर आप्पांचाच होता. फक्त मधल्या एका एकाच्या जागी नऊ होता. मी केसपेपरला जोडलेला शिबिरातला फॉर्म पाहिला आणि सारा उलगडा झाला. शिबिरात फॉर्म मराठी आकड्यांत भरला होता. आपला मराठी एक हा हुबेहूब इंग्रजी नवासारखा दिसतो! नंबर संगणकावर चढविणाऱ्याने बाकीचे आकडे मराठी म्हणून वाचले आणि तेवढा एक इंग्रजी म्हणून वाचला. कौतुक वाटून मी त्या चुकीच्या नंबरावर फोनही लावला. पलीकडचे गृहस्थ कुठल्याशा लांबच्या शहरातले होते. म्हणाले, “मला असले वीस मेसेज रोज येतात, ताई. कोण वाचतंय?” त्यांचे तरी काय चुकले?

आजी बाकावर बसून होती. मी सारे सांगितल्यावर ती एवढेच म्हणाली, “म्हंजी बोलावणं आलं, पर दुसऱ्याच्या घरी गेलं.” मग पिशवीतली भाकरी काढून तिने अर्धी मला दिली.

त्या रात्री घरात जे बोलणे झाले ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. मी म्हटले, अर्ज करायचा. आप्पा एकदम म्हणाले, “अजिबात नाही. उद्या त्यांच्याच हाताखाली डोळा द्यायचाय. राग धरला तर?” आप्पांना मी भित्रे म्हणणार नाही. रानात एकट्याने सापाला सामोरे जाणारा तो माणूस आहे. परंतु कचेरी, ठाणे आणि दवाखाना या तीन ठिकाणी गरिबाने तोंड उघडले की काम बिघडते, हा त्यांचा आयुष्यभराचा हिशेब आहे, आणि तो त्यांनी अनुभवावरूनच मांडलेला आहे. त्यांच्या भाषेत तक्रार आणि भांडण हे दोन शब्दच नाहीत, एकच आहे. याउलट, शहरात राहून आलेला माझा चुलतभाऊ म्हणाला, “चांगला दणका दे. अक्षम्य हलगर्जीपणा लिही, निलंबन करा म्हणून लिही, वर्तमानपत्रात देतो म्हण.”

आजीने दोघांनाही गप्प केले. ती मला म्हणाली, “डाक्टर बी माणूसच हाय. माणसाला नीट इचारलं तर माणूस सांगंल. पर एक ध्यानात ठेव पोरी, कुणाच्या पोटावर पाय द्यायचा न्हाई, आन् दुसऱ्या कुणा म्हातारीची तारीख काढून मला द्या म्हनायचं न्हाई.”

अर्जाचा खर्डा आजीने सांगितला, तो असा. मी फक्त त्याला कागदावर उतरविणारी. अर्जलेखन हा आमच्या मराठीच्या अभ्यासक्रमातला पाच-दहा गुणांचा प्रश्न. ‘प्रति’, ‘विषय’, ‘महोदय’ आणि शेवटी ‘आपला विश्वासू’, इतके आले की गुण मिळतात. परंतु खरा अर्ज लिहायला बसल्यावर ध्यानात आले, की अर्जाचा प्राण मायन्यात नसून दोन प्रश्नांत असतो: नेमके काय घडले? आणि आपल्याला नेमके काय हवे आहे? चुलतभावाचे शब्द मी घेतले नाहीत, ते भीतीने नव्हे. ते खरे नव्हते म्हणून. एक आणि नऊ यांतला घोटाळा ‘अक्षम्य’ नव्हता. अकरा आठवडे थांबवणे मात्र योग्य नव्हते.

राज्यशास्त्राच्या आमच्या सरांकडे गेले. त्यांनी माहितीच्या अधिकाराचा २००५ सालचा कायदा समोर ठेवला. त्यातली अर्जाची, दहा रुपयांच्या शुल्काची आणि तीस दिवसांत उत्तराची तरतूद मला ठाऊक होती. परंतु त्याच कायद्याच्या कलम ४ मध्ये आणखी एक गोष्ट आहे, ती मी प्रथमच वाचली: सरकारी यंत्रणेच्या निर्णयाचा ज्या माणसावर परिणाम होतो, त्याला त्या निर्णयाची कारणे त्या यंत्रणेने सांगितली पाहिजेत. म्हणजे ‘का?’ असे विचारणे हा उद्धटपणा नाही. कायद्याने गृहीत धरलेला प्रश्न आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली रुग्णांच्या हक्कांची जी सनद तयार केली, तिच्यातही तक्रार ऐकली जाण्याचा आणि तिचे निवारण होण्याचा हक्क मांडलेला आहे. ग्राहक आयोगात जाता येईल का, असेही मी विचारले. सर म्हणाले, तो मार्ग येथे नाही. १९९५ सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली खरी. पण जेथे सर्वांनाच मोफत उपचार होतात ती रुग्णालये त्यातून वगळली. मग ते हसून म्हणाले, “आणि तुला खटला जिंकायचा आहे, की आजीचा डोळा वाचवायचा आहे? आधी साधा अर्ज दे. पोच मात्र घे.”

अर्ज एका पानाचा झाला. पहिल्या परिच्छेदात फक्त घटना: केसपेपरचा क्रमांक, दिलेली तारीख, आम्ही आलो तो दिवस, फॉर्मवरचा नंबर आणि संगणकावरचा नंबर. दुसऱ्या परिच्छेदात एकच वाक्य: रुग्णाचा उजवा डोळा निकामी असून डावा हाच एकमेव डोळा आहे. आणि शेवटी चार विनंत्या. शस्त्रक्रिया कोणत्या कारणाने रद्द झाली ते कळवावे. दुसऱ्या कोणाही रुग्णाची तारीख न काढता शक्य तितकी लवकरची तारीख द्यावी. नंबर दुरुस्त करावा. आणि तारीख रद्द झाल्यास, लांबून येणाऱ्या वृद्ध रुग्णांना मेसेजवर न थांबता फोन करावा. खाली आजीने अंगठा उमटविला. अंगठा देताना ती म्हणाली, “आजवर घेताना अंगठा दिला. आज पहिल्यांदा मागताना देतेय.”

शुक्रवारी, १४ तारखेला, मी एकटीच गेले. आवक-जावक विभागातल्या बाईंनी अर्ज घेतला आणि पोच द्यायला थोडी कुरकुर केली. मी दुसरी प्रत पुढे करून उभी राहिले, तेव्हा शिक्का मारून आवक क्रमांक घातला. त्यांनीच मला समाजसेवा अधीक्षकांच्या खोलीकडे पाठविले. हे पद रुग्णालयात असते हेही आम्हांला ठाऊक नव्हते. रुग्ण आणि रुग्णालय यांच्यामध्ये बोलण्यासाठीच नेमलेला एक माणूस तेथे बसलेला असतो, आणि आपण मात्र खिडकीवरच्या कारकुनाशी आणि वॉर्डातल्या मामांशी हुज्जत घालून घरी जातो!

त्या खोलीतल्या मॅडमनी अर्ज दोनदा वाचला. मग मला बसायला सांगून थिएटर का बंद होते ते समजावले. नेत्रशस्त्रक्रियेच्या थिएटरात ठरावीक काळाने टेबलावरून, भिंतींवरून, उपकरणांवरून कापसाच्या बोळ्याने नमुने घेऊन प्रयोगशाळेत पाठवितात. त्या नमुन्यांत जंतू वाढलेले आढळले, तर निर्जंतुकीकरण करून नमुने पुन्हा स्वच्छ येईपर्यंत थिएटर उघडता येत नाही. तसा अहवाल शनिवारी, ८ तारखेला आला होता. ही खबरदारी न घेतल्यास काय होते, हे देशाने पाहिलेले आहे. २०१५ साली मध्य प्रदेशात बडवानी येथे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांनंतर जंतुसंसर्ग होऊन अनेक रुग्णांनी दृष्टी गमावली. “तुमच्या आजींचं ऑपरेशन त्या मंगळवारी केलं असतं, तर आम्ही गुन्हेगार ठरलो असतो,” असे त्या म्हणाल्या.

मी काही वेळ गप्प बसले. ज्या निर्णयाचा आम्ही तीन दिवस घरात राग राग केला, तो आजीच्याच डोळ्यासाठी घेतलेला होता. रद्द करणे योग्यच होते. परंतु ‘थिएटर बंद आहे’ या तीन शब्दांत ते योग्यपण कोणाला दिसणार? कारण न सांगितलेला चांगला निर्णय आणि वाईट निर्णय, खिडकीच्या बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. मी मॅडमना तसे म्हटलेही. त्यांनी मान डोलावली आणि अर्जातल्या चौथ्या विनंतीखाली पेन्सिलीने रेघ ओढली.

त्या मला घेऊन अधीक्षकांकडे गेल्या. ते घाईत होते, तरी ‘एकमेव डोळा’ हे शब्द वाचून थांबले. अडचण अशी होती, की १८ आणि २५ तारखेच्या याद्या भरल्या होत्या आणि आमच्याच विनंतीप्रमाणे कोणाचे नाव काढायचे नव्हते. तेव्हा नेत्रविभागाच्या सिस्टरनी मार्ग काढला. प्रत्येक यादीत एखाद-दुसरा रुग्ण असा निघतोच, की आदल्या दिवशी दाखल झाल्यावर त्याची साखर किंवा रक्तदाब वाढलेला आढळतो आणि त्याची शस्त्रक्रिया त्या दिवशी करता येत नाही. आजीला २५ तारखेच्या यादीत प्रतीक्षेवर ठेवायचे; जागा झाली तर त्याच दिवशी, नाही तर २ डिसेंबरच्या यादीत पहिले नाव. अधीक्षकांनी अर्जावर तसा शेरा लिहिला. कारकुनाने नंबर दुरुस्त केला, मला एकेक आकडा मोठ्याने वाचून दाखविला, आणि शेजारी आमच्या काकूंचा नंबरही दुसरा म्हणून घेतला. त्याला कोणी रागावले नाही. मला त्याचे बरे वाटले.

सोमवारी, २४ तारखेला, आजी दाखल झाली. मंगळवारी सकाळी एका मावशींची साखर फार वाढलेली निघाली. नेत्रतज्ज्ञ स्वतः त्यांच्या खाटेपाशी आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “मावशी, साखर एवढी असताना टाका-जखम बरी होत नाही, पू होण्याची भीती असते. आठ दिवस गोळ्या बदलून देतो. पुढच्या मंगळवारी तुमचं पहिलं नाव.” मावशी थोड्या हिरमुसल्या, पण लागलीच त्यांनी डबा उघडला आणि आजीला म्हणाल्या, “जा बाई तू. माझं पुढल्या मंगळवारी हाय.” त्यांचीही तारीख रद्दच झाली होती; आणि तरीही कोणतीही तक्रार झाली नाही. आमच्या आणि त्यांच्या रद्द होण्यात फरक तो केवढा? एका माणसाने समोर बसून बोललेल्या चार वाक्यांचा!

आजीची शस्त्रक्रिया त्या दिवशी झाली आणि चांगली झाली. दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर तिने प्रथम माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, “किती वाळलीस गं!” मग बराच वेळ ती आपलेच हात उलटसुलट करून पाहत होती.

पंधरवड्याने रुग्णालयाचे पत्र आले, जावक क्रमांकासह. त्यात रद्द होण्याचे कारण होते, झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी होती, आणि यापुढे शिबिरातले नंबर रुग्णाला वाचून दाखवून मगच नोंदवावेत व शस्त्रक्रिया रद्द झाल्यास फोनही करावा, अशा सूचना विभागाला दिल्याचे कळविले होते. त्या पुढे किती पाळल्या जातील हे काळच सांगेल. परंतु पत्र ऐकून आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी ते पत्र आणि शिक्क्याची पोच पत्र्याच्या पेटीत, सातबाऱ्याच्या उताऱ्याशेजारी ठेवली. आमच्या घरात त्याहून सुरक्षित जागा नाही.

आता वाडीतली माणसे अधूनमधून कागद घेऊन येतात. कोणाचे निराधाराचे अनुदान थांबलेले असते, कोणाचे रेशन कार्डावरचे नाव गळालेले असते. बहुतेकांना आधी भांडायचे असते, नाही तर मुकाट बसायचे असते. या दोहोंच्या मधली जागा त्यांना कोणी दाखविलेली नसते. मी त्यांना आजीने शिकविलेलेच विचारते. घडले काय ते तारखेसह सांगा. हवे काय ते एका वाक्यात सांगा. कोणाच्या पोटावर पाय पडत नाही ना, ते पाहा. आणि कागद दोन प्रतींत करून, दुसरीवर शिक्का घेतल्याखेरीज खिडकी सोडू नका.